जुने खेळ घेतो-विकतो

कुशिरोत धुकं बंदरावरून वर चढतं
आणि आमच्या जिन्यात चपला काढून बसतं.
खाली मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान, वर आम्ही:
त्सुरुमाकी-सान गल्ल्यावर, मी मागच्या टेबलाशी,
कापूस, स्पिरिट, बारका स्क्रूड्रायव्हर
आणि कुणाकुणाची विकायला आलेली बालपणं.

माझं काम सोपं. कॅसेट लावायची,
आत कोण राहून गेलंय ते बघायचं,
मग पुसायचं.
पुसण्याआधी मी वाचते. नियमात बसत नाही ते.

ज्या मालिकेत सगळे रांगेत उभे राहून लढतात,
आधी तू, मग मी, मग पुन्हा तू,
राक्षससुद्धा हाताची घडी घालून थांबतो
तुमचं ठरेपर्यंत, तुम्ही चहा करून येईपर्यंत,
तिथे माणसं सापडतात काटकसरी.
पिशवीत नव्व्याण्णव औषधी पाले, एकही न वापरलेला.
अशीच कुणी मोमोए. पातळी एकाहत्तर,
एकशे चाळीस तास,
शेवटच्या दाराबाहेर उभी.
आत गेलीच नाही.

दुसरी मालिका थांबला तो संपला ह्या जातीची.
उडी, घाव, कोलांटी, अंगठ्याला घट्टे.
इथे नावं ठेवायलाही कुणाला सवड नाही:
आआआआ, आआआ, पुन्हा आआआआ.
पहिल्याच अक्षरावर बोट दाबून निघालेले शूर,
बारा तासांत जग वाचवून मोकळे,
आणि वाटेतल्या गावात
एकाही म्हातारीशी बोललेले नाहीत.

तिसरीला मी भिते.
चौकोनांचा पट, प्रत्येक सोंगटीला नाव, गाव,
आणि मेला तो मेला.
सराईत झोपून सकाळी उठत नाही.
एका कॅसेटमध्ये चोवीस शिपाई होते,
चोवीसही जिवंत.
किती वेळा बटण बंद करून
पुन्हा मांडली असेल कुणी तीच सकाळ.

त्सुरुमाकी-सान म्हणतात, सगळं प्लास्टिकच. वजन सारखंच.

काल इबुकी आला. नऊ-दहा वर्षांचा, दप्तर पोटावर,
मुठीत आठशे येन, नाणी घामेजलेली.
"ह्यातला चांगला कुठला?"
मी माझं ठरलेलं विचारलं,
"आईशी भांडतोस तेव्हा कसा भांडतोस?"
बंदरावर धुक्याचा भोंगा दोनदा वाजला.
"ती भांडत नाही. शनिवारी बाबांचा डाव असतो,
बाकी दिवस आईचा.
एकाचा चालू असला की दुसऱ्याने हलायचं नाही."

रांगेवाली कॅसेट मी हळूच मागे सरकवली.

"सगळे एकदम हलतात, असा आहे का?
मारामारी नसली तरी चालेल."

होता एक, खालच्या फळीवर.
दोनच भाग निघाले त्या मालिकेचे, खप शून्य.
चार भिडू एकत्र चालतात,
एक दमला की बाकीचे आपोआप थबकतात,
चौथा तर निव्वळ लिंबूटिंबू,
मागून छत्री घेऊन येतो.
लढाईचा हिशेब इतका ढिसाळ
की कोण जिंकलं ते कळायला जरा वेळ लागतो.
चिठ्ठीवर बाराशे.
त्सुरुमाकी-सान छताकडे बघत म्हणाले, आठशे.

पुसायला घेतली तर आत होतं कुणीतरी.
छत्तीस तास, चौघेही, कुठल्याशा पुलावर.
नाव आआआआ.
"पुसू?"
"नको. कुठे चाललेत ते बघतो आधी."

दुकान बंद केल्यावर मोमोएला पुन्हा लावलं.
आतली बॅटरी आता टेकीला आलीय,
एखाद्या थंडीत मला न विचारताच पुसलं जाईल सगळं.
समोर दार. नव्व्याण्णव पाले.
मी चहा करून आले.
थांबले होते ते.